शोध आणि मांडणी : इटालियन विद्यापीठीय परंपरेतील एका नात्याचा इतिहास

१

विद्यापीठांच्या अभ्यासपत्रिकांमध्ये 'संशोधन-कौशल्ये' आणि 'सादरीकरण-कौशल्ये' ही जोडी आता इतकी रुळली आहे, की तिच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकादेखील सहसा कोणाला येत नाही. संशोधन म्हणजे सामग्री मिळविणे आणि सादरीकरण म्हणजे मिळालेली सामग्री नीटनेटकी करून श्रोत्यांपुढे ठेवणे, असा एक सोयीस्कर विभाग या जोडीने गृहीत धरलेला असतो. या विभागणीत दुसरे काम पहिल्याच्या नंतरचे ठरते, आणि ओघानेच दुय्यमही ठरते. अभ्यासविषय दान्ते असो, प्रबोधनकालीन चित्रकला असो की युद्धोत्तर चित्रपट असो, कौशल्ये तीच राहतात, आशय तेवढा बदलतो, असेही त्यात अध्याहृत असते.

प्रस्तुत लेखात ही समजूत इटालियन विद्यापीठीय परंपरेच्या आधारे तपासून पाहावयाची आहे. इटलीची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे, युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांची ही भूमी असल्याने 'शिकलेले सिद्ध करून दाखविणे' या व्यवहाराचा दीर्घ इतिहास येथे उपलब्ध आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. शोध आणि मांडणी यांचे नाते काय, हा प्रश्न इटालियन विचारवंतांनी पुनःपुन्हा विचारला आहे, आणि त्यांच्या काही श्रेष्ठ ग्रंथांचा तोच विषय आहे. त्यामुळे विद्यापीठात इटालियन संस्कृतीचा अभ्यास करणारा विद्यार्थी ज्या कौशल्यांनी हा अभ्यास करावयाचा ती कौशल्ये त्याच संस्कृतीच्या इतिहासातून समजावून घेऊ शकतो. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : या परंपरेच्या उत्तम क्षणी शोध आणि मांडणी या एकाच कृतीच्या दोन बाजू होत्या, त्यांची फारकत ही नंतरची घटना आहे, आणि या फारकतीची सर्वांत मोठी किंमत ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत अशा विद्यार्थ्यांना मोजावी लागते.

२

बोलोन्या विद्यापीठाचे स्थापनावर्ष परंपरेने १०८८ मानले जाते. तेथील कायद्याच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी दोन पायऱ्या ओलांडाव्या लागत. पहिली खासगी परीक्षा. परीक्षेच्या दिवशी सकाळी उमेदवाराला प्रमाणग्रंथांतील दोन उतारे नेमून दिले जात आणि त्याच दिवशी आचार्यांच्या मंडळापुढे त्याला त्यांचे विवरण करावे लागे. काय नेमले जाईल हे आधी ठाऊक नसे. संपूर्ण ग्रंथ आत्मसात केल्याखेरीज गत्यंतर नसे. दुसरी पायरी सार्वजनिक होती. महामंदिरात जमलेल्या समुदायापुढे उमेदवार एखाद्या प्रश्नावर व्याख्यान देई, विद्यार्थी त्याच्याशी वाद घालीत, आणि मग ग्रंथ, अंगठी व टोपी ही चिन्हे देऊन त्याला आचार्यपदी बसविले जाई. १२१९ मध्ये पोप तिसरा होनोरिउस याने अध्यापनाचा परवाना देण्याचा अधिकार बोलोन्याच्या आर्चडीकनकडे सोपविला, तेव्हा या विधीला धर्मसत्तेची मोहोरही लाभली.

या व्यवस्थेत 'सादरीकरण' असा वेगळा विभाग संभवतच नव्हता. उमेदवाराला ग्रंथ कळला आहे की नाही हे समजण्याचा मार्गच मुळी त्याने तो इतरांपुढे उलगडून दाखविणे हा होता. ज्ञान हे उत्तरदायी असते, म्हणजे कोणी प्रश्न विचारला असता त्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते, ही धारणा तिच्या मुळाशी होती. तिचे अवशेष इटलीत आजही दिसतात. तेथील विद्यापीठीय परीक्षांमध्ये तोंडी परीक्षेला मोठे स्थान आहे; ३० पैकी १८ गुणांना विद्यार्थी उत्तीर्ण होतो; आणि पदवीच्या शेवटी परीक्षकमंडळापुढे प्रबंधाची जी जाहीर चर्चा होते, तिच्यासह अंतिम गुण ११० पैकी दिले जातात.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे अनैतिहासिक होईल. जाहीरपणे बोलण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. २५ जून १६७८ रोजी पादोव्हा येथे एलेना कोर्नारो पिस्कोपिया हिने तत्त्वज्ञानातील पदवी मिळविली. विद्यापीठाची पदवी मिळविणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत, आणि तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरपदवीपुरते बोलावयाचे तर पहिली म्हणून, तिचे नाव घेतले जाते. तिची इच्छा ईश्वरशास्त्राच्या पदवीची होती. बिशप ग्रेगोरिओ बार्बारिगो याने ती मान्य केली नाही, तेव्हा तडजोड म्हणून तत्त्वज्ञान पुढे आले. श्रोत्यांची गर्दी एवढी लोटली की परीक्षा विद्यापीठाच्या वास्तूतून महामंदिरात हलवावी लागली, आणि तेथे तिने ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रातील व भौतिकीतील नेमून दिलेल्या उताऱ्यांचे विवरण केले. तिच्यानंतर पादोव्हाने स्त्रियांसाठी हे दार पुन्हा बंद केले. १७३२ मध्ये बोलोन्यात लाउरा बास्सी हिने ४९ सिद्धान्तवाक्यांवर जाहीर वाद केला. तिला पदवी मिळाली, अध्यापकाचे पद आणि वेतनही मिळाले. पण जाहीर व्याख्यान देण्यासाठी सेनेटची अनुज्ञा लागे. शोध घेण्याची मुभा होती, मांडण्याची नव्हती. ज्याला आज आपण 'सादरीकरण' म्हणून एका तासिकेत बसवितो, त्याचे मोल काय होते हे या एका अटीवरून ध्यानात यावे.

३

शोध आणि मांडणी यांची एकात्मता सर्वांत स्पष्टपणे दिसते ती विद्यापीठाच्या चौकटीत फारसा न सामावलेल्या एका मानवतावाद्याच्या लेखनात. लोरेन्झो वाल्ला पाव्हिया येथे वक्तृत्वशास्त्र शिकवीत होता. तेथील कायदेपंडितांच्या लॅटिनवर आणि त्यांच्या आदरस्थानी असलेल्या बार्तोलुसवर त्याने कठोर टीका केली, आणि १४३३ मध्ये त्याला ते गाव सोडावे लागले. पुढे नेपल्सच्या राज्यावर हक्क सांगणाऱ्या आल्फोन्सो राजाच्या आश्रयाला असताना १४४० मध्ये त्याने 'कॉन्स्टन्टाइनचे दानपत्र' बनावट असल्याचे सिद्ध करणारा निबंध लिहिला. सम्राट कॉन्स्टन्टाइनने पोप सिल्व्हेस्टरला रोम आणि पश्चिमेचे आधिपत्य बहाल केले, असे हा दस्तऐवज सांगतो. पोपच्या ऐहिक सत्तेच्या समर्थनासाठी तो शतकानुशतके पुढे केला गेला होता. आल्फोन्सोचा पोपशी झगडा चालू होता, हेही विसरता येत नाही. वाल्लाचा शोध निर्हेतुक नव्हता.

या निबंधाची कीर्ती आहे ती त्यातील संहिताचिकित्सेमुळे. चौथ्या शतकातील म्हणविणाऱ्या या पत्रात रोमन अधिकाऱ्यांसाठी 'सत्रप' हा शब्द कसा येतो? ज्या कॉन्स्टन्टिनोपलची अद्याप स्थापनाही झालेली नाही, ते धर्मपीठ म्हणून कसे उल्लेखिले जाते? भाषा कालबद्ध असते आणि म्हणून ती साक्ष देऊ शकते, हे तत्त्व येथे इतक्या ठसठशीतपणे वापरले गेले, की आधुनिक ऐतिहासिक चिकित्सेचा आरंभ या निबंधापासून सांगण्याची प्रथा पडली. परंतु निबंधाचा बराच भाग अगदी वेगळ्या प्रकारचा आहे. त्यात वाल्ला कल्पित भाषणे रचतो. कॉन्स्टन्टाइनचे पुत्र बापाला विनवितात. रोमच्या सेनेटच्या वतीने वक्ता बोलतो. सिल्व्हेस्टर स्वतः दान नाकारतो. असे दान मानवी स्वभावाला धरून झालेच नसते, हे ही भाषणे पटवून देऊ पाहतात. या कृतीच्या रूढ शीर्षकात येणारा शब्दही वक्तृत्वशास्त्रातील आहे : 'देक्लामात्सिओ', म्हणजे अभ्यासपूर्वक रचलेले भाषण.

आधुनिक वाचकाला हे दोन भाग विसंगत वाटतात. पुराव्याचा भाग आपला आणि भाषणांचा भाग जुन्या काळाचा, असे तो मनोमन ठरवून टाकतो. या वाचनाला कार्लो गिन्झबुर्ग याने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहास, वक्तृत्व आणि पुरावा यांवरील व्याख्यानांत आक्षेप घेतला. ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रात प्रमाणांचा विचार केंद्रस्थानी आहे. तो विचार क्विन्टिलियनमार्गे वाल्लापर्यंत पोचला. क्विन्टिलियनच्या ग्रंथाची संपूर्ण प्रत पोज्जिओ ब्राच्चोलिनी याला सांक्ट गालेनच्या मठात १४१६ मध्ये सापडली होती, आणि वाल्ला हा त्या ग्रंथाचा निस्सीम भक्त होता. तेव्हा पटवून देणे आणि सिद्ध करणे या त्याच्या दृष्टीने परस्परविरोधी गोष्टी नव्हत्याच. वक्तृत्व म्हणजे केवळ शब्दांची आरास आणि म्हणून इतिहास ही केवळ कथनाची एक जात, असा निष्कर्ष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही सिद्धान्तकारांनी काढला; गिन्झबुर्गच्या मते तो वक्तृत्वाच्या अपुऱ्या ज्ञानातून निघालेला आहे. हा वाद आपल्या समीक्षेलाही अपरिचित नाही. त्यात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एवढे मान्य करावे लागेल, की मांडणी म्हणजे पुराव्यावर नंतर चढविलेला मुलामा, ही कल्पना वाल्लाला समजलीही नसती.

४

फारकत झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. इटलीच्या एकीकरणानंतर विद्यापीठांमधून वाङ्मयाच्या ऐतिहासिक अभ्यासाची जी पद्धत प्रस्थापित झाली, तिचे मुखपत्र म्हणजे १८८३ मध्ये तोरिनो येथे सुरू झालेले 'जोर्नाले स्तोरिको'. हस्तलिखिते शोधणे, तारखा निश्चित करणे, प्रती ताडून पाहणे यांना या पंथाने अग्रमान दिला. त्याचे ऋण मोठे आहे. पण साधन जमविणे हेच साध्य होऊन बसण्याचा धोकाही त्यात होता. या वृत्तीला बेनेदेत्तो क्रोचेने आव्हान दिले. १८९३ मध्ये त्याने इतिहासाचा अंतर्भाव कलेच्या व्यापक संकल्पनेत करणारा निबंध वाचला, आणि १९०३ पासून 'ला क्रितिका' या नियतकालिकातून आपली भूमिका विस्ताराने मांडली. क्रोचेजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने इटालियन विद्येला समृद्ध केले. परंतु त्यांच्या कलहातून विद्यार्थ्याच्या मनावर जे ठसले ते हे, की एकीकडे साधनसंग्रह असतो आणि दुसरीकडे अभिव्यक्ती असते, आणि शहाण्याने यांतील एक बाजू निवडावी.

या वातावरणात १९११ मध्ये सार्दिनियाचा एक गरीब विद्यार्थी तोरिनोला आला. अन्तोनिओ ग्राम्शीला कोल्लेजिओ कार्लो आल्बेर्तोची शिष्यवृत्ती मिळाली होती : वर्षातील दहा महिने, दरमहा ७० लिरा. भाषाशास्त्राचा प्राध्यापक मात्तेओ बार्तोली याचा तो आवडता शिष्य झाला. १९१२-१३ च्या वर्गातील बार्तोलीच्या व्याख्यानांची टिपणे संकलित करण्याचे काम त्याच्याकडे आले. पदवी मात्र त्याने कधी पुरी केली नाही. पुढे तुरुंगात, १९२९ पासून, त्याने वह्या लिहिण्यास आरंभ केला, आणि पहिल्याच वहीत विद्यापीठांविषयी एक टिपण आहे. इटालियन विद्यापीठात प्राध्यापक व्यासपीठावरून बोलतो आणि निघून जातो. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या लेखी अभ्यासक्रम म्हणजे व्याख्यानांची एक मालिका, जिची भिस्त छापील टिपणांवर असते. पदवी जवळ आली की विद्यार्थी प्राध्यापकाकडे जाऊन विषय मागतो आणि संशोधनाची पद्धत कोणती असे विचारतो, असे त्या टिपणाचे सार आहे. ज्याने स्वतः अशी टिपणे तयार केली, त्याने केलेले हे निदान आहे. पद्धत ही शेवटी मागून घ्यावयाची वस्तू झाली, हा त्यातील खरा आरोप होय.

बाराव्या वहीत ग्राम्शी अधिक खोलात जातो. अभ्यास हेही एक श्रमाचे काम आहे; त्यात बुद्धीबरोबर शरीरालाही वळण लावावे लागते; तासन्‌तास बसणे, एकाग्र राहणे या सवयी शिकलेल्या कुटुंबातील मुलाला घरातूनच मिळतात. शेतकऱ्याच्या मुलाला त्या मिळत नाहीत, आणि म्हणून अभ्यासाच्या अवघडपणामागे आपल्याविरुद्ध रचलेला काही कावा असावा, असा संशय सामान्य माणसाला येतो. यावर ग्राम्शीचे उत्तर अभ्यास सोपा करावा असे नाही. हे वळण सर्वांना लावण्याची जबाबदारी शाळेने उचलावी, असे आहे. 'कौशल्य' या शब्दाला काही गंभीर अर्थ द्यावयाचा असेल तर तो येथून द्यावा लागेल. ज्याला आपण निसर्गदत्त हुशारी म्हणतो तिचा पुष्कळसा भाग हा वारशाने आलेला सराव असतो, आणि तो शिकविता येतो.

येथे संशोधकाने लक्षात घ्यावी अशी आणखी एक बाब आहे. ग्राम्शीच्या वह्या १९४८ ते १९५१ या काळात प्रथम प्रसिद्ध झाल्या त्या विषयवार खंडांच्या रूपात. पुढे १९७५ मध्ये व्हालेन्तिनो जेर्रातानाने संपादिलेली चिकित्सक आवृत्ती निघाली. तिने वह्या ज्या क्रमाने होत्या त्या क्रमाने, पहिल्या खर्ड्यांसह, वाचकांपुढे ठेवल्या. पहिल्या मांडणीत एक सुसंघटित ग्रंथकार दिसतो. दुसरीत चाचपडत, पुन्हा लिहीत, स्वतःला दुरुस्त करीत जाणारा विचार दिसतो. शब्द तेच, मांडणी वेगळी, आणि त्यामुळे पुरावाच वेगळा. भारतात ग्राम्शी प्रामुख्याने वाचला गेला तो १९७१ च्या इंग्रजी निवडीतून, म्हणजे चिकित्सक आवृत्तीच्या आधी झालेल्या आणि विषयवार रचलेल्या संग्रहातून. 'सबाल्टर्न' ही संज्ञा आपल्या लेखनात सहजपणे वापरणाऱ्याने निदान एकदा तरी या वस्तुस्थितीशी थांबावयास हवे.

५

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. १९६२ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने इटलीत चौदाव्या वर्षापर्यंतची माध्यमिक शाळा सर्वांसाठी एकसमान झाली. ११ डिसेंबर १९६९ च्या ९१० क्रमांकाच्या कायद्याने पाच वर्षांचे उच्च माध्यमिक शिक्षण घेतलेल्या कोणालाही विद्यापीठाच्या कोणत्याही शाखेचे दार खुले झाले. तोवर ते प्रामुख्याने अभिजात भाषा शिकविणाऱ्या 'लिचेओ'मधून आलेल्यांसाठी होते. या दोन कायद्यांच्या दरम्यान, १९६७ मध्ये, फ्लॉरेन्सच्या उत्तरेस मुजेल्लोच्या डोंगरातील बार्बियाना या वस्तीवरच्या मुलांनी लिहिलेले 'एका शिक्षिकेस पत्र' प्रसिद्ध झाले. मराठी वाचक 'प्रिय बाई' या नावाने त्याच्याशी परिचित आहे. त्यांचा गुरू दोन लोरेन्झो मिलानी त्याच वर्षीच्या जूनमध्ये निवर्तला.

या पुस्तकाचा आरोप सर्वश्रुत आहे : शाळा डॉक्टरच्या मुलाला पुढे नेते आणि शेतकऱ्याच्या मुलाला नापास करून घरी पाठविते, कारण पहिला शाळेची भाषा घरूनच घेऊन आलेला असतो. तोंडी परीक्षेच्या परंपरेवरचा हा सर्वांत कठोर आक्षेप म्हणावा लागेल. उभे राहून उत्तर देणे ही ज्ञानाची कसोटी खरी. पण जिभेवर जी भाषा बसलेली असते तिला वर्ग असतो. तथापि पुस्तकाच्या आशयाकडे जेवढे लक्ष गेले तेवढे त्याच्या लेखनपद्धतीकडे गेले नाही. ती पद्धत मुलांनी पुस्तकातच सांगितली आहे. सुचेल ते टिपून ठेवावयाचे. प्रत्येक कल्पना स्वतंत्र चिठ्ठीवर, कागदाच्या एकाच बाजूला लिहावयाची. मग सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरावयाच्या, पुनरुक्ती काढून टाकावयाची, जुळणाऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करावयाचे. गठ्ठ्यांतून प्रकरणे होतात, प्रकरणांतून परिच्छेद. क्रम लावताना जे सांगावयाचे होते तेच बदलू लागते. शेवटी मजकूर बाहेरच्या लोकांना वाचून दाखवावयाचा, आणि तेही फार शिकलेल्या नसलेल्यांना. त्यांना जे कळले नाही ते पुन्हा लिहावयाचे.

या पद्धतीत शोध कोठे संपतो आणि मांडणी कोठे सुरू होते? तशी रेषा काढता येत नाही. आठ मुलांनी शाळांच्या निकालांचे आकडे गोळा केले, कोष्टके केली, त्यांतून युक्तिवाद उभा केला. आणि भाषा साधी करण्याच्या प्रत्येक पायरीवर त्यांना आपला युक्तिवादच तपासून घ्यावा लागला. वाल्लाला जे क्विन्टिलियनकडून मिळाले ते या मुलांनी टेबलाभोवती बसून कमावले.

दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, उम्बेर्तो एकोने पदवी-प्रबंध कसा लिहावा यावर पुस्तक लिहिले. कादंबरीकार म्हणून तो अद्याप जगाला ठाऊक नव्हता. बोलोन्यात चिन्हमीमांसा शिकवीत होता. हे पुस्तक हाताशी साधने नसलेल्या, नोकरी करणाऱ्या, लहान गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला उद्देशून आहे. नव्या 'समूह-विद्यापीठा'त मार्गदर्शकाला भेटण्याची संधी ज्याला मिळत नाही, त्याला एकोने कारागिरी शिकविली. प्रबंधाच्या शास्त्रीयतेच्या त्याने चार अटी सांगितल्या : अभ्यासविषय इतरांनाही ओळखता येईल असा निश्चित असावा, त्याविषयी पूर्वी न म्हटलेले काही, किंवा म्हटलेले नव्या दृष्टीने, सांगितलेले असावे, ते इतरांच्या उपयोगी पडावे, आणि आपले प्रतिपादन खरे की खोटे हे तपासण्याची साधने लेखकाने स्वतःच वाचकाच्या हाती द्यावीत. यांतील चौथी अट सर्वांत महत्त्वाची. वाचकाला मला खोडून काढता आले पाहिजे, अशा रीतीने लिहिणे म्हणजेच मांडणी. बोलोन्याच्या महामंदिरातील वादाचेच हे तळटीपांच्या युगातील रूप आहे.

आपले म्हणणे केवळ उपदेश ठरू नये म्हणून एकोने एक प्रयोग केला. बरोक काळातील इटालियन ग्रंथांमधील रूपकविचार हा विषय घेऊन, त्याविषयी फारसे काही ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याच्या भूमिकेतून, तो आलेस्सान्द्रियाच्या नगर-ग्रंथालयात गेला आणि तीन दुपारी तेथे बसून प्राथमिक संदर्भसूची तयार केली. मोठे ग्रंथालय जवळ नसणे ही सबब नाही, हे त्याला दाखवावयाचे होते. पण प्रयोगाचा वृत्तान्त त्याने ज्या रीतीने दिला आहे त्यात दुसरा धडा आहे : कोणते कपाट आधी पाहिले, कोणत्या नोंदीने चकविले, कोणते नाव तीन ठिकाणी आल्यामुळे महत्त्वाचे वाटू लागले, हे सारे तो सांगतो. शोधाची वाट मांडणीतून पुसून टाकू नये, हे एकोचे जुनेच मत होते. १९५४ मध्ये तोरिनो येथे थॉमस अक्वायनसच्या सौंदर्यविचारावरील त्याच्या प्रबंधाची चर्चा झाली, तेव्हा एका परीक्षकाने त्याला दोष दिला, की मुरलेला संशोधक चुकतमाकत जातो खरा, पण अखेरीस निष्कर्ष तेवढे सांगतो. तुम्ही मात्र शोधाची कथाच रहस्यकथेसारखी सांगितली आहे. प्रत्येक संशोधन असेच सांगितले पाहिजे, हे आपल्याला त्या क्षणी उमगले, असे एकोने पुढे नमूद केले आहे.

या पुस्तकातील एक नियम आपल्याला अडचणीचा वाटेल, म्हणूनच तो येथे सांगितला पाहिजे. अनुवाद हे साधन नव्हे, असे एको बजावतो. चष्मा किंवा कवळी यांच्याप्रमाणे ती एक सोय आहे, आणि मूळ भाषा येत नसेल तर त्या लेखकावर प्रबंध लिहू नये. मराठी विद्यापीठीय लेखनात एको, ग्राम्शी, क्रोचे हे तिघेही बहुधा इंग्रजीतून येतात. इंग्रजी अनुवाद वाचणे गैर नाही. आपण काय वाचले आहे हे न सांगणे गैर आहे. प्रस्तुत लेखालाही हा नियम लागू आहे, आणि म्हणूनच येथे या लेखकांचे एकही वाक्य अवतरणचिन्हांत दिलेले नाही.

६

एकोच्या पुस्तकानंतर दोन वर्षांनी गिन्झबुर्गचा खुणांविषयीचा निबंध आला. चित्रातील कानाच्या पाळीवरून आणि नखांवरून चित्रकार ओळखणारा मोरेल्ली, फ्रॉइड आणि शेरलॉक होम्स यांना एका सूत्रात ओवणाऱ्या या निबंधाने क्षुल्लक तपशिलाला ज्ञानाचा दर्जा दिला. त्याआधी १९७६ मध्ये त्याने फ्रिउलीतील मेनोक्किओ या गिरणीवाल्याची कथा लिहिली होती. १५८४ आणि १५९९ मधील धर्मन्यायालयीन खटल्यांच्या कागदपत्रांवर ती आधारलेली आहे, आणि तिच्यात लेखक आपल्या शंका, अनुमाने व अडचणी कथनाबाहेर ठेवीत नाही. हे वळण कोठून आले? गिन्झबुर्गने आपल्या शिक्षणाविषयी बोलताना पिसा येथील स्कुओला नोर्माले या संस्थेतील एका चर्चावर्गाची आठवण सांगितली आहे. देलिओ कान्तिमोरी हा इतिहासकार तेथे आठवडाभरासाठी आला आणि त्या सबंध आठवड्यात बुर्कहार्टच्या एका ग्रंथातील मोजक्याच ओळी, वेगवेगळे अनुवाद ताडून पाहत, वाचून झाल्या. सावकाश वाचण्याचा तो धडा आयुष्यभर पुरला.

असा आठवडा आता कोणत्या अभ्यासपत्रिकेत बसेल? १९ जून १९९९ रोजी बोलोन्यात २९ देशांच्या वतीने उच्चशिक्षणविषयक जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या झाल्या, आणि त्याच वर्षी इटलीने ५०९ क्रमांकाच्या आदेशाने तीन अधिक दोन वर्षांची रचना स्वीकारली. पहिल्या पदवीला १८० श्रेयांक, दुसरीला १२०; एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ तासांचे काम. पहिल्या पदवीच्या शेवटी पूर्वीच्या भरघोस प्रबंधाच्या जागी आटोपशीर लेखन आले. पुढे 'डब्लिन निर्देशक' या नावाने पदवीधराच्या अपेक्षित क्षमतांची पाच शीर्षके ठरली : ज्ञान व आकलन, त्यांचे उपयोजन, स्वतंत्र निर्णयशक्ती, संवादकौशल्य आणि अध्ययनक्षमता. या सुधारणांमागे न्याय्य हेतू नव्हता असे नाही. वर्षानुवर्षे प्रबंध रेंगाळल्यामुळे पदवीविना बाहेर पडणाऱ्यांची इटलीत मोठी संख्या होती, आणि त्यात सुस्थितीतील घरांची मुले कमी होती. परंतु ज्ञान पहिल्या शीर्षकाखाली आणि संवाद चौथ्या शीर्षकाखाली गेला, तेव्हा एका जुन्या फारकतीला प्रशासकीय रूप मिळाले, हेही खरे.

कौशल्ये स्पष्टपणे शिकवावीत की नाही, हा वाद त्यामुळे निरर्थक ठरतो. ती शिकविलीच पाहिजेत. न शिकविल्यास ती वारशाने ज्यांना मिळतात त्यांचीच राहतात, हे ग्राम्शी आणि बार्बियानाची मुले यांनी दाखवून दिले आहे. वाद आहे तो त्यांना विषयापासून तोडण्याविषयी. मेनोक्किओच्या खटल्याचे कागद वाचता वाचता 'साक्ष नोंदविणारा कोण होता' असे विचारण्याची जी सवय लागते, ती कोणत्याही रिकाम्या तासिकेत लावता येत नाही. ग्राम्शीच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या म्हणजे मांडणी म्हणजे काय ते कळते. वाल्लाचा निबंध सबंध वाचला म्हणजे पुरावा आणि पटवून देणे यांतील नाते कळते. आज काही क्षणांत सफाईदार निबंध रचून देणारी यंत्रे प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताशी आहेत. शोधाविना मांडणी आता फुकट मिळते. ज्या मजकुराच्या प्रत्येक वाक्यापाशी त्याचा कर्ता उभा राहून उत्तर देऊ शकत नाही, तो मजकूर कितीही नेटका असला तरी जुन्या बोलोन्यात त्याला टोपी मिळाली नसती.

बार्बियानाच्या मुलांनी आपला मजकूर शेजाऱ्यांना वाचून दाखविला होता. आपल्याकडील प्रबंधांच्या मौखिक परीक्षांमध्ये किती प्रश्न खरोखर विचारले जातात आणि किती उत्तरे खरोखर ऐकली जातात, याचा विचार ज्याने त्याने आपल्या विभागापुरता करावा.